वहिनी आणि मास्तरांचा क्लच

गॅरेजच्या पाटीवर नाव नवऱ्याचं होतं, पण येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारायचा, "वहिनी आहेत का?" लग्न होऊन आल्या तेव्हा वहिनींना पान्याचे नंबरसुद्धा माहीत नव्हते. नवऱ्याचा डबा घेऊन यायच्या, तो जेवेपर्यंत पाने पुसून ठेवायच्या. मग कधीतरी एका कार्ब्युरेटरचा बारीक स्क्रू नवऱ्याच्या जाड बोटांना सापडेना, तो वहिनींनी काढला. तिथून सुरुवात झाली. वीस वर्षांत अशी वेळ आली की लांब पल्ल्याच्या मोठ्या मोटरसायकली घेऊन लोक शेजारच्या गावांतून त्यांच्याकडे यायला लागले. नवरा कौतुकानं म्हणायचा, "हिच्या बोटांना डोळे आहेत."

दोन महिन्यांपूर्वी नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं. घरी आल्यावरही त्याला गॅरेजशिवाय करमेना, म्हणून वहिनींनी त्याची खुर्ची आतल्या कपाटाशेजारी मांडली. तिथे बसून तो दिवसभर बघत राहायचा.

त्या मंगळवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला. चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक भलीमोठी टूरिंग मोटरसायकल घेतली होती आणि बायकोला मागे बसवून ते गावोगाव हिंडायचे.

"वहिनी, क्लच गेला हो. लिव्हर पार मुठीला टेकतेय. सिग्नलला दाबून धरली तरी गाडी पुढेच पळायला बघत होती. ट्रकच्या मागे जाऊन आदळायचंच बाकी होतं."

"काकू बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. घाबरलीय. खाली तेल ठिबकतंय बघा, डाव्या बाजूला."

त्या गाडीच्या क्लचचं तेल वहिनींनीच बदललं होतं, तीन आठवड्यांपूर्वी. नवरा दवाखान्यातून घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

पिकअप काढून त्या निघाल्या. चाळीस किलोमीटरचा रस्ता, पण नजर रस्त्यावर आणि मन कपाटाच्या मधल्या फळीवर. त्या फळीवर दोन सारख्या बाटल्या असायच्या. एकीत ब्रेकचं तेल, दुसरीत खनिज तेल. बहुतेक गाड्यांच्या क्लचला ब्रेकचंच तेल चालतं, मास्तरांच्या गाडीला मात्र खनिज तेलच लागतं. तिथे चुकून ब्रेकचं तेल गेलं तर आतली रबरं फुगतात, मऊ पडतात आणि एक दिवस दगा देतात. बाटल्यांवर चिठ्ठी नव्हती. नवऱ्याला चिठ्ठीची गरजच पडायची नाही, डावी कुठली आणि उजवी कुठली हे त्याच्या हाताला पाठ होतं. त्या दिवशी बाटली वहिनींनी उचलली होती. कुठली? डोकं औषधांच्या वेळांमध्ये अडकलेलं, नवरा आत कण्हत होता. काही केल्या आठवेना.

'रबर जुनं असेल,' त्या मनाशी म्हणाल्या. 'पाच वर्षांची गाडी आहे. जातातच रबरं.'

रस्त्याकडेच्या झाडाखाली मास्तर आणि काकू उभे होते. गाडीच्या दोन्ही बाजूंना पेट्या, मागे बांधलेली पिशवी. वहिनी खाली वाकल्या. इंजिनाच्या डाव्या अंगाला, क्लच ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या खालून, थेंब थेंब गळत होतं. जिथे थेंब पडले होते तिथे स्टँडचा काळा रंग फोडासारखा वर आला होता. खनिज तेलानं रंग उठत नाही. वहिनींनी थेंब बोटावर घेतला, चोळला आणि बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. बोट लख्ख धुऊन निघालं. खनिज तेल असतं तर चिकटून राहिलं असतं; हे ब्रेकचं तेल होतं.

त्या तशाच उकिडव्या बसून राहिल्या.

"काय झालंय?" मास्तरांनी विचारलं.

"खालचं सील गेलंय," वहिनी म्हणाल्या.

हे खरं होतं. पण अर्धंच.

गाडी पिकअपवर चढवून दोरांनी आवळली आणि तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसली. काकू मध्ये. त्यांचा धीर परत आला होता, आणि धीर आला की काकूंचं तोंड थांबायचं नाही.

"लेकीचं पहिलंच बाळंतपण. डॉक्टरांनी गुरुवार सांगितलाय. मी तिला शब्द दिलाय, कळा सुरू होतील तेव्हा तुझा हात धरायला मी असेन म्हणून. आज रात्रीपर्यंत पोहोचू ना हो?"

"बघू," वहिनी म्हणाल्या.

"मी तर ह्यांना सांगते, गाडी दाखवायची तर वहिनींनाच. बाईमाणूस काळजीनं करतं. मागे बसायचं मला असतं ना!" काकू हसल्या आणि त्यांनी वहिनींच्या मांडीवर थोपटलं.

वहिनींना वाटलं, आत्ताच गाडी बाजूला घ्यावी आणि सांगून टाकावं. पण त्यांनी फक्त गिअर बदलला.

गॅरेजमध्ये आल्याबरोबर त्यांनी खालचा सिलिंडर सोडवला. आतलं रबरी सील भिजवलेल्या मनुक्यासारखं फुगलं होतं. कपाटाशेजारून नवरा मान पुढे काढून बघत होता. वहिनींनी ते सील त्याच्यासमोर धरलं. त्यानं ते बघितलं, मग फळीकडे बघितलं. त्याला सगळं कळलं. डावा हात हळूच वर करून त्यानं बोट ओठांवर ठेवलं.

वहिनी वळून कामाला लागल्या. खालच्या सिलिंडरचं नवं सील डब्यात होतं, ते बसवलं. नळी धुतली, जुनं तेल काढलं आणि बंद डब्यातलं खनिज तेल भरलं. मग लिव्हर दाब, खालचा स्क्रू सोड, हवा जाऊ दे, स्क्रू आवळ, लिव्हर सोड. शंभरएक वेळा. हळूहळू लिव्हर घट्ट होत गेली. शेवटी पहिल्यासारखी कडक झाली.

मास्तरांनी येऊन दाबून बघितली. त्यांचा चेहरा उजळला. "वा! दीड तासात! अगं ए, हेल्मेट घाल. अंधाराच्या आत घाट उतरू."

सगळं जमून आलं होतं. वहिनींनी नुसतं हात पुसत उभं राहायचं होतं. पण लिव्हरपाशी, वरच्या सिलिंडरमध्येही एक रबर होतं. तेही तीन आठवडे त्याच तेलात भिजलं होतं आणि त्याच्या जागी घालायला दुसरं त्यांच्याकडे नव्हतं. आज ते धरलं होतं. घाटात धरेल? गुरुवारपर्यंत? सांगता येत नव्हतं.

मास्तरांनी किल्ली फिरवली. काकू मागे चढायला लागल्या.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "काकू, उतरा. ही गाडी न्यायची नाही."

"म्हणजे?"

"सील आपोआप नाही गेलं. मी चुकीचं तेल भरलं होतं. मागच्या वेळी. वरचं रबरही बाद झालं असणार, ते माझ्याकडे नाही. आत्ता चालेल, पण कुठे सोडून देईल ते मी सांगू शकत नाही."

काकू उतरल्या.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"तिथेच. झाडाखाली."

"आणि मी इतका वेळ शेजारी बसून बडबडत होते," काकू म्हणाल्या. "तेव्हाच बोलला असतात तर बाराची बस मिळाली असती आम्हाला."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नवरा उठायची धडपड करत होता. "बाटली..." तो म्हणाला. शब्द जुळवायला त्याला फार वेळ लागला. "बाटली... माझी. चिठ्ठी... मी... नाही लावली."

"तुम्ही बसा," वहिनी म्हणाल्या. "भरलं मी आहे."

मास्तरांनी पेट्यांतलं सामान काढलं. वहिनींनी पिकअपनं बसपर्यंत सोडायची तयारी दाखवली. काकू म्हणाल्या, "नको, रिक्षानं जाऊ." आणि मागे न बघता गेल्या.

दुपारी वहिनींनी वरचा सिलिंडर उघडला. रबराची कड नखानं ओढली तर सालीसारखी सुटून आली. तोवर नवऱ्यानं रंगाची डबी मागून घेतली होती. दोन्ही बाटल्या मांडीत धरून तो डाव्या हातानं, पहिलीतल्या मुलासारखी वेडीवाकडी अक्षरं काढत बसला होता.

पुढचे दोन दिवस फोन वाजला की वहिनी दचकायच्या. आपण करावा तर धीर होईना. शुक्रवारी मास्तरांचाच आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण बाळानं गुरुवारची वाट बघितली नव्हती. बुधवारी पहाटेच आलं. रात्रीची बस धरून, पुढे आणखी एक बदलून हे दोघं पोहोचले तेव्हा दुपार झाली होती.

"काकू?" वहिनींनी विचारलं.

"नातीला घेऊन बसलीय," मास्तर म्हणाले, आणि विषय बदलला.

दहा दिवसांनी ते एकटेच गाडी न्यायला आले. वहिनींनी वरच्या सिलिंडरमध्ये नवी रबरं बसवली होती, नळीच नवी टाकली होती, आणि रोज सकाळी लिव्हर दाबून खाली कोरडा कागद पसरून बघितला होता. जुनं रबर त्यांनी मास्तरांच्या हातावर ठेवलं. मास्तरांनी ते चिमटीत दाबलं, त्याचे दोन तुकडे झाले.

"हे घाटात झालं असतं," ते म्हणाले.

"हो."

"बसा मागे."

"मी?"

"तुम्हीच. चढावर जाऊन बघू."

वहिनींनी हात पुसले आणि मागे बसल्या. दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसायची त्यांना सवय नव्हती, हात कुठे ठेवावेत कळेना. पाण्याच्या टाकीच्या चढावर मास्तरांनी गाडी मधोमध थांबवली, पहिल्या गिअरमध्ये, लिव्हर दाबून. खाली गाड्या खोळंबल्या, हॉर्न वाजायला लागले. मास्तर हलले नाहीत. वहिनी पुढच्या चाकाकडे बघत होत्या. ते बोटभरही सरकलं तर त्यांना कळलं असतं. त्या आकडे मोजत राहिल्या. चाक जागचं हललं नाही.

"ठीक," मास्तर म्हणाले आणि त्यांनी गाडी वळवली.

गॅरेजसमोर उतरल्यावर वहिनींनी धीर करून विचारलं, "काकू माझ्यावर फार रागावल्यात का?"

मास्तरांनी हेल्मेटचा पट्टा लावता लावता थोडा विचार केला. "तुमचं नाव निघालं की गप्प बसते. पण काल मी म्हटलं, गाडी आणायला जातो. तेव्हा म्हणाली, निघण्याआधी त्यांना नीट बघायला सांगा. 'त्यांना' म्हणाली. दुसरीकडे न्या, असं नाही म्हणाली."

एवढं बोलून ते निघाले. वहिनी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून ऐकत होत्या. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. कुठे करकर नाही, कुठे झटका नाही. आवाज वळणापलीकडे गेला तरी त्या काही वेळ तिथेच होत्या. मग आतून नवऱ्यानं हाक मारली. एक स्कूटरवाला केव्हाचा ताटकळत उभा होता.