पितळेवरचं दहावं नाव

नऊ नावं कापून झाली होती आणि दहावं काही येत नव्हतं. मंगळवारचे अकरा वाजले होते. बुधवारी सकाळी पाटी क्लबच्या भिंतीवर लागायची होती आणि गुरुवारी माझं मुंबईचं विमान होतं. शनिवारी चिपळूणजवळच्या आमच्या गावात माझ्या बहिणीचं लग्न होतं. मी तिचा एकुलता एक भाऊ.

पासपोर्ट मात्र ऑफिसच्या कपाटात होता. आमचे फोरमन हुसेनभाई मुरूडचे. माणूस मनाने चांगला, पण कामाच्या बाबतीत दगड. त्यांनी मला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "सुर्वे, पाटी भिंतीवर लागली की पासपोर्ट तुझ्या हातात. तू गेल्यावर त्या क्लबवाल्यांची तोंडं मी एकटा नाय बघणार."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बहारीनला तुबलीच्या एका वर्कशॉपमध्ये मी एन्ग्रेव्हर होतो. म्हणजे पितळेवर, स्टीलवर अक्षरं कोरणारा. आमच्या मशिनला पँटोग्राफ म्हणतात. एका टोकाची सुई साच्यातल्या अक्षरावरून फिरवायची, की दुसऱ्या टोकाचं कटर तेच अक्षर पितळेत कापत जातं. मग त्या खाचेत काळा रंग भरायचा. काम सोपं आहे. अडचण एकच, कापलेलं अक्षर खोडता येत नाही.

ऑर्डर इंग्रज लोकांच्या एका क्लबची होती. त्यांनी नवा हॉल बांधला होता आणि तिथे 'पुढच्या पिढ्या ज्यांना कधीच विसरणार नाहीत' अशा दहा थोर ब्रिटिशांची पाटी लावायची होती. ज्यांना कोणी विसरणारच नाही त्यांची पाटी कशाला, हा प्रश्न कमिटीत कोणाला पडला नाही.

कमिटी पाच जणांची. तिचे सेक्रेटरी मिस्टर विटकॉम दर दोन दिवसांनी नवी यादी घेऊन यायचे. एक आरमारी सेनापती आत आला, बाहेर गेला, पुन्हा आला. एका बाईंना एक गायक हवाच होता. गायक आला तर मी राजीनामा देतो, असं एका रिटायर्ड मेजरने सांगितलं. मग कोणीतरी फुटबॉलपटूचं नाव काढलं आणि तीन मीटिंगा त्यातच गेल्या. मी शहाणा झालो होतो. विटकॉमसाहेबांची सही मिळाल्याशिवाय एकही अक्षर कापत नव्हतो. महिन्याभरात नऊ सह्या जमल्या होत्या.

पाटीचीही एक गंमत होती. त्या मापाचा पितळी पत्रा मीना सलमान बंदराच्या एकाही गोदामात नव्हता. शेवटी साहेबांनीच क्लबच्या स्टोअरमधून एक जुनी पाटी आणून दिली. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. जुनी पाटी उलटी करायची, मागची बाजू घासून चकाचक करायची, की नवी पाटी तयार. उलटी करण्याआधी मी पुढची बाजू वाचली. क्लबच्या जुन्या अध्यक्षांची नावं होती आणि वर लिहिलं होतं, 'यांची आठवण सदैव राहील.' मी साहेबांना विचारलं, हे कोण? त्यांनी चष्मा लावून सगळी नावं वाचली. एकही ओळखीचं निघालं नाही.

"मोठी माणसं असणार," ते म्हणाले. "उलटी करा."

मग सहज म्हणून त्यांनी मला विचारलं, तुमच्या गावात आमच्यापैकी कोणाची आठवण काढतात? मी खरं ते सांगितलं. आमच्याकडे ओढ्यावर साहेबाचा पूल आहे. पूल अजून वापरतात, पण तो साहेब कोण ते कोणालाच माहीत नाही. हे त्यांना फारसं आवडलं नाही.

तर मंगळवारी दुपारी तीन वाजता साहेब एकदाचे दहावं नाव घेऊन आले. मी कागद पाहिला. राजा नाही, शास्त्रज्ञ नाही, गायकही नाही.

"हे कोण?"

साहेब छताकडे बघत म्हणाले, "आमचे चेअरमन."

दहाव्या नावावर कमिटीचं जमेना. चेअरमन पुढच्या महिन्यात रिटायर होऊन मायदेशी चालले होते. कोणीतरी थट्टेत त्यांचंच नाव सुचवलं. ते समोरच बसले होते, त्यामुळे नाही कोण म्हणणार? शिवाय ते स्वतःही नाही म्हणाले नाहीत. त्यांनी आयुष्यात काय केलं, असं मी विचारलं. इन्शुरन्स, असं उत्तर आलं.

मी म्हटलं, "सही करा."

बुधवारी सकाळी पाटी लागली. चेअरमन जातीने हजर होते. त्यांनी वाचायला खालून सुरुवात केली आणि शेवटची ओळ जरा मोठ्या अक्षरात होईल का, असं विचारलं. माझ्याकडे साचा एकच आहे, असं मी ठोकून दिलं. खोटं बोललो, पण विमान चुकवायची माझी तयारी नव्हती. दुपारी हुसेनभाईंनी मुकाट्याने पासपोर्ट काढून दिला.

दोन महिन्यांनी परत आलो, तर पाटी माझ्याच टेबलावर. नव्या चेअरमनना दहावं नाव नको होतं. हुसेनभाई म्हणाले, "उलटी कर म्हणतायत." मी उलटी करून दाखवली. तिकडे जुने अध्यक्ष होते. दोन्ही बाजू खलास. शेवटी त्या नावावर मी एक कोरी पितळी पट्टी दोन स्क्रूंनी बसवली. पट्टीवर काय लिहायचं ते कमिटी ठरवणार होती. मी बहारीन सोडलं तोवर तरी ठरलं नव्हतं.

लग्नाचं सांगायचं राहिलं. नवऱ्याचा कान पिळायचा मान माझा होता. कमिटीवरचा महिन्याभराचा राग माझ्या दोन बोटांत उतरला. भावोजी इतके कळवळले की भटजी मंत्र विसरले आणि सगळा मांडव हसला. आज माझ्या भाच्याला थोर ब्रिटिश विचारले तर त्याला दोनच्या वर सांगता येत नाहीत. पण मामाने बाबांचा कान कसा पिळला ते तो तिखटमीठ लावून सांगतो, आणि त्याच्या चार वर्षांच्या मुलीलाही ते पाठ आहे. पुढच्या पिढ्यांच्या लक्षात राहायचं असेल तर कमिटी नेमू नये. लग्नाला वेळेवर पोचावं.