सत्काराची पोच

मुंबईतल्या एका कंपनीच्या फुटबॉल संघाशी भावाने केलेला तीन वर्षांचा करार मेअखेरीस संपणार होता. आणि मेच्या दुसऱ्याच आठवड्यात त्या संघाचे सेक्रेटरी जीप करून म्हसवडजवळच्या आमच्या गावात त्याचा सत्कार करायला आले. तीन वर्षांत त्यांना आमच्या घराची आठवण झाली नव्हती.

गोव्याच्या एका क्लबने भावाला बोलावलं होतं. खेळ थांबल्यावरही टिकेल अशी कायमची नोकरी देतो म्हणाले होते. भाऊ गोलकीपर, वय सत्तावीस, डावा गुडघा अधूनमधून सुजायचा. त्याला ती नोकरी हवी होती. त्यासाठी जूनमध्ये तो मोकळा असायला हवा होता, एवढंच.

वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सेक्रेटरींनी आधी त्यांनाच फेटा बांधला, मग भावाला शाल आणि नारळ. सोप्यात शेजारपाजार जमला होता. "सुभेदारसाहेब, हिरा दिलात आम्हाला," असं ते म्हणाले तशी वडिलांची मान ताठ झाली. मी दारामागे चहाचा ट्रे धरून उभी. साताऱ्यात मामांकडे राहून मी इंग्रजी शाळेत शिकले. गावात तोंड उघडलं की कुणीतरी "आल्या मॅडम" म्हणायचं, म्हणून मी गप्प राहून बघत बसायचे. सेक्रेटरी बोलत भावाशी होते, पण डोळा जीपपाशी उभ्या ड्रायव्हरवर होता.

त्याने फाईल आणली.

"काही नाही, सत्काराची पोच. ऑफिसात दाखवावी लागते. इथं सही कर," सेक्रेटरी भावाला म्हणाले.

"कर की रं," वडील म्हणाले. अंगावर शाल असताना नाही म्हणणं आमच्याकडे कुणालाच जमलं नसतं. भावाने पेन घेतलं.

मी चहा ठेवायला वाकले. पोच दोन पानांची होती. वरच्या पानावर शालीचा उल्लेख होता, सही मात्र खालच्या पानावर घेत होते. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं, करार दोन वर्षांनी वाढवण्यास संमती आहे.

मराठीत मला शब्द सुचेना. इंग्रजीत मात्र आवाज निघाला, वर्गात उत्तर देताना निघायचा तसा. ही पोच नाही, मुदतवाढ आहे, असं मी म्हणाले. सेक्रेटरी हसून इंग्रजीतच म्हणाले, मुलींनी यात पडू नये. सगळे आमच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय म्हनतीयास गं?" वडिलांनी विचारलं.

"आणखी दोन वर्षं यांच्याकडंच खेळायचं, असं लिहिलंय."

"आवं पाव्हणं, पोच म्हनला न्हवं तुमी?"

"रुटीन असतं हो, साहेब."

"मग ऱ्हाऊ द्या. चा घ्या."

जीप गेल्यावर भाऊ हसून म्हणाला, "तायडे, लय बेक्कार हायस तू." मग गोव्याच्या क्लबने सही करून पाठवलेला करार ट्रंकेतून काढला. "ह्यो बघ. ही मानसं चांगली हायत."

मी तो तीनदा वाचला. पगार, खोली, बूट, सगळं होतं. नोकरी कुठेच नव्हती.

"त्यांनी तोंडानं सांगितलंय की."

"पोचसुद्धा तोंडानंच सांगितली होती."

त्याने एक शिवी हासडली. कुणाला, ते मी विचारलं नाही. मी समासात नोकरीचं वाक्य इंग्रजीत लिहिलं आणि त्याशेजारी त्यांची सही आल्याशिवाय तू करू नकोस, असं सांगितलं. पाकीट रजिस्टरने गेलं.

जून लागला. आता तो कुणाचाच खेळाडू नव्हता. पोस्टमनची सायकल दिसली की मुद्दाम दुसरीकडे बघायचा. माझ्याशी बोलणं त्याने सोडलंच होतं.

पाकीट आलं तेव्हा माझ्या वाक्याशेजारी सही होती. भाऊ ओरडतच आईला सांगायला परसात पळाला. मी कागद खिडकीशी नेला आणि ती सही पहिल्या पानावरच्या त्यांच्या आधीच्या सहीशी ताडून बघितली. शेवटचं अक्षर जरा वेगळं वळलं होतं. पुन्हा बघितलं. एकाच हाताच्या दोन सह्यांतही एवढा फरक पडतो.

"आता काय गं?" तो पेन घेऊन मागे उभा होता.

"काही नाही," मी म्हणाले. "कर सही."