आईचं माहेर कुठलं?

जुनं पुस्तक उघडण्याआधी हरिचंद्रकाका हात धुऊन कोरडे करत. पान उलटताना बोट जिभेला लावत नसत. खिशात दोन पेनं, दुसरं अर्ज भरणाऱ्यांसाठी. समोरच्याचं नाव मोठ्याने म्हणून दाखवत, बरोबर आहे का विचारत. डबा एकट्यापुरता. त्यातली चटणी न विचारता शेजारच्या टेबलावरच्या मैत्रेयीच्या डब्यात.

अंबरनाथ पश्चिमेच्या त्या जन्मनोंदणी कार्यालयात २००७ साली कॉम्प्युटर आला, आणि तो चालवायला कंत्राटावर मैत्रेयी. कात्रपची, मराठीत बी.ए. आसपासच्या गावांची जन्मनोंदीची पुस्तकं कॉम्प्युटरवर चढली. आठ दिवसांचा दाखला दहा मिनिटांत मिळू लागला. तिथले जुने कारकून, निवृत्तीला आलेले काका नाक मुरडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. काका प्रिंटरजवळ उभे राहून कागद हातोहात देऊ लागले. "घ्या दादा, तव्यावरची गरम भाकरी!"

मग एका बुधवारी तुळशी आली. बारवी धरणाकडच्या पाड्यावरची. लेक प्रतिभाचा नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागला होता. जन्मदाखला शुक्रवारपर्यंत दिला नाही तर जागा जाणार होती.

मैत्रेयीने पाड्याचं नाव निवडलं. बापाचं नाव टाकलं, गोमा. साल पुढेमागे करून पाहिलं. नोंद नाही.

"दुसऱ्यांदा आलेय मी," तुळशी म्हणाली. "पोर काय आभालातून पडली?"

काका टेबलावरून उठून आले.

"बाई, माहेर कुठलं तुमचं?"

"चिंचपाडा. वांगणीच्या पल्याड."

"आणि प्रतिभा थोरली ना?"

"हां, पयलीच."

काका मैत्रेयीकडे वळले. "पहिलटकरीण सासरी बाळंत होते का गं? टाक चिंचपाडा."

नोंद तिसऱ्याच ओळीत होती.

"मावशी, हे आधी नाही का सांगायचं?" मैत्रेयी म्हणाली.

"कुनी इचारलं?"

मैत्रेयीचे कान तापले. काका मात्र खो खो हसले आणि प्रिंटरकडे गेले.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक अर्जावर ते पेनाने एक ओळ वाढवू लागले, 'आईचं माहेर'. मैत्रेयीला तेवढं पुरेसं वाटेना. आई नसलेल्या पोरांनी काय सांगायचं? पुस्तकात बापाचा पत्ता लिहिलेला असतो आणि कॉम्प्युटरवर शेऱ्याचा रकाना रिकामाच आहे, हे तिने काकांना दाखवलं. बापाचं गाव तिथे भरलं तर दोन्ही गावांनी शोध लागेल.

"शाबास," काका म्हणाले. "माझ्यानंतर कुणी बसलं तरी अडायला नको."

साहेबांनी मान डोलावली, वेळ काही दिला नाही. म्हणून रोज पाचनंतर अर्धा तास. काका वाचत, मैत्रेयी टाईप करी. एकतीस गावं होती. चार महिन्यांत एकवीस झाली. त्या गावांतल्या बारा जणांचे अडलेले दाखले तेवढ्यात निघालेसुद्धा.

बाविसाव्या गावाच्या पुस्तकात त्रेचाळिसाव्या नोंदीवर काका अडले. मुलगी, आईचं नाव गयाबाई. बापाच्या गावावर शाई पसरलेली. मैत्रेयी म्हणाली, सोडू या.

"सोडायचं कशाला? गयाबाईच्या माहेरी कुणीतरी असेलच. रविवारी जाऊन विचारून येतो."

शनिवारी सकाळी हेंद्रेपाड्यातल्या घरी, बुटाची नाडी बांधता बांधता, काका कोसळले ते गेलेच.

सोमवारी पाच वाजता मैत्रेयीने पुस्तक उघडलं. आधी हात धुतले होते की नाही, तिला आठवत नाही. त्रेचाळिसाव्या नोंदीचा शेरा कोरा आहे. पुढची नऊ गावं अजून उघडलेलीच नाहीत.