चंदीआधीचा डबा

आमच्या घरी दिवेलागणीच्या आधी डबा वाजायचा. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, एका अंगाने चेपलेला, वर धरायला तारेची कडी. माझी बायको तो बाभळीच्या काठीने बडवत गोठ्याकडे जायची. गोठ्यात गाईबैल नव्हते, दोन घोड्या होत्या. दोन्ही बुटक्या, तट्टंच म्हणावीत अशा. डबा मनासारखा दणाणून झाला की ती तो खाली ठेवायची आणि त्यांच्या तोंडाला तोबरे बांधायची. तोबऱ्यात भिजवलेले हरभरे असत. घोड्यांच्या त्या खाण्याला चंदी म्हणतात हे मला तिच्याकडूनच कळलं. आधी आवाज, मग चंदी. हा क्रम तिने कधी चुकवला नाही. वरातीच्या घोडीला बँडची आणि फटाक्यांची भीती वाटून चालत नाही, आणि भीती घालवायचा तिचा उपाय एवढाच होता: दणदणाट झाला की पाठोपाठ काहीतरी चांगलं मिळतं, हे घोडीच्या अंगवळणी पाडायचं.

ती केंदूरची. तिच्या माहेरी वरातीच्या घोड्या होत्या. मी निमोण्याचा, पण नोकरी दौंडच्या शाळेत, मराठी शिकवायची. निवृत्त होईपर्यंत आठवडाभर दौंडला खोलीवर आणि रविवारी घरी, असं आयुष्य गेलं. मूल झालं नाही. एका रविवारी घरी आलो तर अंगणात घोडी बांधलेली होती. "सोबतीला आणली," एवढंच ती म्हणाली. ती थोरली. तिने पुढं आसपासच्या गावांतले बरेच नवरदेव मिरवले. सुपारी आली की घोडी न्यायला बायकोचा धाकटा भाऊ यायचा. धाकटी मात्र आमच्याच गोठ्यात जन्मली. तिच्या पाठीवर अजून कुणी बसलं नव्हतं. पण त्या भावाच्या मुलाला, आमच्या भाच्याला, बायकोने शब्द देऊन ठेवला होता, तुझ्या वरातीला माझी धाकटीच.

गेल्या श्रावणात बायको गेली. त्याच्या थोडं आधी शिरूरच्या बाजारातून ती भाजीच्या पिशवीत एक कुत्र्याचं पिल्लू घेऊन आली होती. पिशवीत खाली दोडके, वर ते. त्याला काय नाव ठेवायचं हे ती ठरवतच होती. नाव राहून गेलं. मी त्याला नुसतं "यू यू" करतो आणि ते येतं.

ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात वर्षभर वाजतगाजत काही करत नाहीत. मी त्याच्याही पुढं गेलो. टीव्ही बंद केला. चटणी मिक्सरऐवजी खलबत्त्यात कुटू लागलो, तीही हलक्या हाताने. डबा गोठ्याच्या माळ्यावर पोत्यांखाली घालून ठेवला. संध्याकाळी पावलं न वाजवता जाऊन तोबरे बांधायचो आणि तसाच परत यायचो. समाचाराला आलेले लोक म्हणायचे, मुक्या जनावरांनाही कळतं. मला ते खरं वाटायचं. घोड्या माना खाली घालून उभ्या असत आणि मी समजायचो, आम्ही तिघं मिळून दुःख पाळतो आहोत.

कुत्र्याला यातलं काही माहीत नव्हतं. ते वाढत होतं. घोड्यांचं अंग घासायचा खरारा पळवून त्याने उकिरड्यात पुरला. धाकटीच्या शेपटीला ते लोंबकळायचं. थोरलीच्या मागे मात्र एकदाच गेलं. तिने लाथ मारली नाही, नुसता पाय उचलून दाखवला आणि जपून खाली ठेवला. तेवढं पुरलं. धाकटीला मी लांब दोरावर धरून गोल फिरवायचो, बायको फिरवायची तसं. कुत्रं उलट्या दिशेने फिरायचं आणि दर फेरीला दोघं समोरासमोर येऊन थबकायची. त्या वेळी हसू यायचं. मग हसू आलं हे कुणाला सांगायला वळावं, तर मागे नुसती कडब्याची गंजी.

पौषात मेव्हणा आला. मुलाचं लग्न माघात धरलं होतं. तो अंगणात बोलत उभा असतानाच शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि धाकटी अशी उसळली की दावं तटकन तुटलं. तिचं बघून थोरलीही मागे सरून भिंतीला धडकली. धाकटीला धरून आणता आणता मेव्हण्याला घाम फुटला.

"दाजी, कुकरला भ्याली ही?"

"हल्ली दचकते जरा."

"जरा? हिच्या म्होरं बँड वाजला तर नवरदेवाला घिऊन थेट कोरेगावच्या पुलावर जाऊन थांबंल. बाशिंगासकट!" तो हसला, पण डोळे हसत नव्हते. थोरलीच्या मानेवरून हात फिरवत तो म्हणाला, "अक्काची जनावरं ही. अशी बिघडल्याली बघवत न्हाईत. तुम्ही पुस्तकात डोकं घालनारी मान्सं, तुमचा दोष न्हाई. जमलं तर पोराला धाकटीवर बसवू. न्हाई जमलं तर मोटारीतनं वरात काढीन, आन् दोन्ही घोड्या केंदूरला न्हेईन. ऱ्हाऊ द्या की कुत्र्याला तुमच्यापाशी."

मी चहा केला. तो गेल्यावर गोठ्याच्या दारात बसून राहिलो. घोड्या गेल्या तर संध्याकाळी उठून कुठं जायचं, हे मला सुचेना. घरात माझी वाट पाहणारं दुसरं काही उरलेलं नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी, मी ओट्यावर वाचत होतो. म्हणजे पुस्तक मांडीवर होतं. गोठ्यातून अचानक पत्र्याचा प्रचंड खडखडाट आला. कुत्रं कडब्यावरून माळ्यावर चढलं होतं, पोती खाली ओढली होती आणि पोत्यांबरोबर डबाही आला होता. तारेची कडी त्याच्या गळ्यात अडकली होती. ते घाबरून पळत होतं आणि डबा दगडांवरून उड्या घेत त्याच्या मागे धावत होता. मी अनवाणीच धावलो. घोड्या आता दावी तोडून रस्त्यावर जाणार, उसाच्या ट्रॉलीखाली सापडणार, असं काय काय डोळ्यांपुढं आलं.

घोड्या जागच्या जागी उभ्या होत्या. कान पुढे टवकारलेले. त्या कुत्र्याकडे बघत नव्हत्या, डब्याकडेही नाही. दोघी घराच्या दाराकडे बघत होत्या, जिथून चंदी यायची.

मी कुत्र्याच्या गळ्यातून कडी सोडवली. ते थरथरत माझ्या पायांत शिरलं. डबा थांबला, तरी घोड्यांच्या नजरा दारावरून हटल्या नाहीत. थोरलीने खुराने जमीन उकरली. मी आत गेलो, संध्याकाळसाठी भिजत घातलेले हरभरे तसेच अर्धे कच्चे काढले आणि तोबरे बांधले. ती शांतता माझी होती. त्यांच्यासाठी तिचा अर्थ एवढाच, की आता कुठूनही काहीही आवाज होईल आणि त्याच्यामागून चंदी येणार नाही.

त्याच संध्याकाळी मी डबा हातात घेतला. दोन-चार दणके बसताच कुंपणापलीकडून शेजारची म्हातारी आली. बायकोची आणि तिची रोजची उठबस होती.

"गुरुजी, वरीस न्हाई झालं अजून. आन् डबा बडवताय? लोकं काय म्हंतील?"

"मेव्हणा घोड्या न्यायला निघालाय, आजी."

ती माझ्याकडे एकदा बघून आत गेली. मी पुन्हा बडवू लागलो. थोरलीने मान वर केली, पण धाकटी बिचकत मागे सरकली. रोज तसंच होऊ लागलं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी म्हातारी पुन्हा कुंपणाशी आली. हातात घमेलं आणि उलथनं होतं.

"मास्तर, शाळा भरली का सुटली?"

"म्हणजे?"

"आवो, घंटा दिल्यागत काय बडवताय! टण, टण, टण. ती काय आशी वाजवायची व्हय?" तिने घमेलं पालथं धरलं आणि उलथन्याने वाजवलं. दोन हलके, एक जोराचा, मग चार भरभर. पुन्हा दोन हलके. हलगीसारखी चाल. कुंपणापलीकडून इतकी वर्षं ती रोज ते ऐकत आली होती. गोठ्यात धाकटी खिंकाळली. म्हातारीचा हात थांबला. "आशी," असं म्हणून तिने पदर डोळ्यांना लावला आणि घमेलं घेऊन ती निघून गेली.

मला ती चाल यायला वेळ लागला. पण आली. मग डब्यामागोमाग मोबाइलवर बँड लावू लागलो, आधी बारीक, मग मोठा. मग अंगणाच्या पार टोकाला एकेक लवंगी फटाका. फटाक्याला धाकटी थरथरायची, पण तिच्या पायांत कुत्रं निवांत पसरलेलं असे. माझं बघून नव्हे, कदाचित त्याचं बघून ती स्थिरावत गेली. पाठीवर आधी वाळूचं पोतं ठेवलं. पुढं भाचा दोन रविवारी येऊन बसून गेला.

लग्नाच्या दिवशी धाकटी टेम्पोत चढेना. शेवटी कुत्र्याला आधी आत टाकलं, तेव्हा ती चढली. शिक्रापूरच्या चौकात कंपन्यांच्या बसगाड्यांत आम्ही अडकलो, सगळीकडून हॉर्न वाजत होते आणि ती टेम्पोत उभी राहून शांतपणे मला हुंगत होती.

केंदूरला माझ्या हातात लगाम दिला गेला. वरातीत मिरवायची माझी इच्छा नव्हती, पण धाकटीला दुसऱ्या कुणाच्या हाताची सवय नव्हती. भाचा वर बसला. बँडवाल्यांनी एकदम सुरुवात केली. किती महिन्यांनी मी गाण्याच्या एवढ्या जवळ उभा होतो. मीच लगाम आखडून धरला. धाकटीच्या अंगावरून एक शहारा गेला, मानेपासून शेपटीपर्यंत. मेव्हणा दोन्ही हात पसरून पुढे आला. ती उसळली नाही. तिने मान वळवली आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात तोंड खुपसलं.

खिशात हरभरे होतेच. ओल्या हरभऱ्यांनी नवा सदरा भिजला होता. मी मूठभर दिले. दहा पावलांनी तिने पुन्हा मागितले. मारुतीच्या देवळापर्यंत ती अशीच खात खात चालली आणि पोरं तिच्यापुढं बेभान नाचत होती.

"दाजी," मेव्हणा माझ्या कानाशी ओरडला, "जलमभर पोरांच्या कॉप्या पकडल्या, आन् आज घोडीला खिशातनं कॉपी पुरवताय व्हय!"

ऐकणारे हसले. मीही हसलो. वर बसलेला भाचा तेवढा हसत नव्हता. तो खाली वाकून धाकटीच्या मानेवर हात ठेवत म्हणाला, "आत्या आसती तर तिनं धरला आसता लगाम." मग मुंडावळ्या सावरत बसला.

संध्याकाळी मी टेम्पोत बसलो तेव्हा मेव्हणा आला. त्याने स्वतः धाकटीला थोपटलं. "शब्द म्हंजी शब्द. घिऊन जा तुम्ही." मग म्हणाला, "पर दाजी, रागवू नका. दोन्ही घोड्या घरी ठिऊन करनार काय? तुमच्या घरात आता कुनाचं लगीन हाय?"

"संध्याकाळी डबा वाजवायचा असतो," मी म्हणालो.  त्याने मान हलवली आणि कुत्र्याला उचलून माझ्या मांडीवर दिलं.

आता रोज वाजवतो. म्हातारी कुंपणाशी कधी येते, कधी येत नाही. आली की कुत्र्याला अजून नाव कसं ठेवलं नाही म्हणून मला बोलते. काठी पहिल्यांदा पत्र्यावर पडते तेव्हा दोन्ही घोड्या घराच्या दाराकडे बघतात. मी त्यांच्यासमोर उभा असतो, हरभरे माझ्या पायाशी ठेवलेले असतात, तरी आधी तिकडेच. वाजवताना माझी पाठ दाराकडे असते. दारात कुणी नाही हे मला माहीत आहे. तरी डबा खाली ठेवल्यावर वळायला मी थोडा वेळ लावतो.