गावच्या गाडीची चावी

अन्याय झाला तो चावीवाल्या भाऊंवर. केव्हा? गेल्या उन्हाळ्यात, तेंदूपत्ता तोडणीच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेनऊला. कुठे? तालुक्याच्या गावी, ठाण्यासमोरच्या वळणावर. हे आधीच लिहून ठेवते, कारण ठाण्याच्या डायरीत यातलं अक्षरही नाही.

भाऊंच्या गळ्यात कायम मोटारसायकलची चावी असायची. काळ्या दोऱ्यात ओवलेली, सोबत बैलाच्या माळेतलं एक घुंगरू. गाडी भाऊंची नव्हती. बदली होऊन चाललेल्या मास्तरांकडून ती ग्रामसभेने घेतली होती. कागद ग्रामसभेच्या पेटीत, त्यावर नाव अजून मास्तरांचंच. भामरागडकडच्या आमच्या जंगलात दुसरं वाहन नव्हतं, आणि सगळ्या गावात लायसन काढलेला माणूस एकच. घुंगरू वाजत गेलं की लोक समजायचे, कोणाला तरी दवाखान्यात न्यायचं आहे. माझी आई गावातल्याच उपकेंद्रात नर्स. निरोप पोचायच्या आत भाऊ दारात उभे. "आजाराले वार नसते, बाई," एवढंच म्हणायचे.

हेल्मेटही गावात एकच. ते भाऊंनी स्वतःच्या डोक्यावर घातलेलं कोणी पाहिलं नाही. मागे बसलेल्या आजाऱ्याच्या डोक्यावर ते असायचं. नऊ वर्षांची असताना मला मलेरिया झाला, तेव्हा ते माझ्या नाकापर्यंत उतरलं होतं आणि आत मोहाच्या तेलाचा वास कोंडला होता. मी रडत विचारलं, "भाऊ, तुम्ही काऊन नाही घालत?"

"ज्याचं दुखते त्याच्या डोक्यावर. माझं काय दुखून राह्यलं?"

वाटेतल्या प्रत्येक नाल्यावर ते गाडी थांबवायचे, एक पान तोडून पुलाच्या कठड्यावर ठेवायचे आणि मगच पुढे. तापाने मी फणफणलेली, तरी पान चुकलं नाही. "त्याच्या अंगावरून जातो, तं त्याले सांगा लागते ना, पोरी!"

त्या सोमवारी एका बाळंतिणीला त्यांनी दवाखान्यात सोडलं. परतीला तिला लागेल म्हणून हेल्मेट तिच्या खाटेखाली ठेवलं आणि उघड्या डोक्याने निघाले. वळणावर शिट्टी वाजली. पुढचं मी चहाच्या टपरीवाल्याकडून ऐकलं, शब्दन् शब्द.

"हेल्मेट?"

"पेशंटजवळ आहे, साहेब."

"गाडी कोणाची?"

"गावाची."

"कोणाच्या नावावर, ते विचारून राह्यलो."

"नाव मास्तराचं. गाडी सगळ्याची."

"सगळ्याची? मग माझीबी म्हण ना!" साहेब हसला. सोबतचे दोघे हसले.

भाऊंनी नीट विचार केला आणि खरं तेच सांगितलं, "तुम्ही आमच्या गावात ऱ्हायले, तं तुमचीबी."

आमच्या गावात हे साधं उत्तर आहे. तलाव गावाचा, बांबू गावाचा, ढोल गावाचा, तशी गाडी. साहेबाला ती मस्करी वाटली. एक थप्पड. गळ्यातली चावी दोऱ्यासकट तोडली. आणि गाडी चोरीची असेल म्हणून भाऊ आत.

टपरीवाल्याचा निरोप आला, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी आई आणि मी पेटीतले कागद घेऊन ठाण्यात पोचलो. भाऊ फरशीवर, भिंतीकडे तोंड करून बसले होते. साहेब म्हणाला, "अटक नाही केली, मॅडम. चौकशीसाठी बसवलं होतं. येवढं काय मनावर घ्याचं?" बसवलं! डोक्यावर हेल्मेट नाही म्हणून साठीच्या माणसाला दीड दिवस बसवलं, घरी कळवलं नाही, कारण लिहून दिलं नाही. या गुन्ह्याला दंडाची पावती असते. पावती फाडायची आणि माणसाला जाऊ द्यायचं, एवढंच काम होतं. भाऊ सुटले, चावी मिळाली. गाडी मात्र "कोर्टातून सोडवा."

गावी आल्यावर भाऊंनी चावी, ज्याखाली ग्रामसभा भरते त्या मोहाच्या झाडाला टांगली. लोक म्हणाले, घाला, तुमचीच आहे. ते म्हणाले, "गावाची चावी चोराच्या गळ्यात शोभत नाई." त्यानंतर सभेत ते सगळ्यांच्या मागे बसायला लागले, ठाण्यात बसले होते तसे, पाठ करून.

पावसाळ्यात त्यांना ताप चढला. गाडी ठाण्याच्या आवारातच होती. चौघांनी खाटेवर घालून नेलं. दुसऱ्या नाल्यावर त्यांनी खाट थांबवायला लावली आणि हात पुढे केला. आईने पान तोडून त्या हातात दिलं. ते कठड्यावर ठेवायला भाऊ उरले नाहीत.

मला सूड हवा आहे. लाजत नाही, लिहिते. थप्पडीला थप्पड नको, ती फार स्वस्त सुटका होईल. साहेबाने स्वतः ती गाडी ढकलत आमच्या गावात आणावी. प्रत्येक नाल्यावर थांबावं. मोहाखाली सगळ्या ग्रामसभेपुढे उभं राहावं, आणि आम्ही विचारू तेव्हा मान वर करून सांगावं की गाडी कोणाची. तोवर त्याला चैन पडू द्यायची नाही.

येत्या बुधवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, सकाळी साडेनऊला त्याच वळणावर या. गाडी असो नसो, डोक्यावर हेल्मेट घालून या. नसेल तर टोपली घाला, पातेलं घाला. ठाण्याच्या आवारातल्या आपल्या गाडीवर वेल चढला आहे, तो आपल्या हातांनी काढायचा आहे. आणि कोणी विचारलंच, तुम्ही कोण, तर एकच सांगा. गाडी माझीबी आहे.