स्थळांना विचारायचं राहिलं

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ दोन खोल्यांत वत्सलाबाईंचं वधू-वर सूचक केंद्र गेली कित्येक वर्षं चालतं, आणि त्यांना विचाराल तर अर्धं नाशिक त्यांनीच बोहल्यावर चढवलंय. अर्धं नसेल, पण पुष्कळांचे संसार त्यांनी मार्गी लावले हे खरं. गाडं अडलं होतं ते घरातच. यजमान गेल्यापासून एकुलती एक लेक रोहिणी हीच काय ती त्यांच्या हक्काची. पुण्यात नोकरीला, तिशी ओलांडलेली. ती नाशिकला आली की चहाला कुणीतरी ‘सहज’ टपकायचं, सोबत लग्नाचा मुलगा. दिवाळीपासून तिने येणंच बंद केलं. वत्सलाबाई चारचौघांत म्हणत, “कामं असतात तिला.” घरी आल्या की डोळ्यांना पदर लावत.

अशात ग्राहकांच्या माहितीबद्दलचा नवा कायदा आला. व्हॉट्सॲपवर कुणीतरी ठोकून दिलं की आता झाडून सगळ्या धंद्यांना नोंदणी करावी लागणार. बाई घाबरल्या नाहीत, उलट त्यांना हुरूपच आला. शॉप ॲक्टच्या दाखल्याशेजारी भिंतीवर जागा होती. तिथे नवा दाखला फ्रेम करून लावायचा बेत ठरला. त्यांनी वकील भाच्याला, मयुरेशला, बोलावून घेतलं.

“मावशी, तुला नोंदणी नाहीये,” तो म्हणाला. “लोकांच्या संमत्या सांभाळायचं काम करणाऱ्या मोठ्या कंपन्यांना आहे ती. तुला फक्त विचारायचंय.”

“कुणाला?”

“ज्यांची माहिती तुझ्याकडे आहे त्यांना. फोटो, पत्रिका, पगार ठेवू का, दुसऱ्यांना दाखवू का? नको म्हणाले तर काढून टाकायचं.”

“अरे, आईवडील स्वतः आणून देतात की!”

“लग्न आईवडिलांचं आहे का?”

हे बाईंना चांगलंच झोंबलं. स्थळ आईबापांनी नोंदवायचं आणि मुलामुलींना मागाहून कळायचं, अशीच आजवरची रीत. पण कायदा तो कायदा. पूर्ण लागू व्हायला अजून अवकाश होता, तरी बाई कामाला चोख. दुसऱ्याच दिवशी फोन घेऊन बसल्या.

निफाडचा एक द्राक्षबागायतदार मुलगा हसायलाच लागला. “काकू, माझं लगीन होऊन पोरगी बी झाली. आमच्या वडलांनी कळवलं नाय का तुम्हाला?” एकीने फोटो बदलून मागितला; त्यात ती म्हणे कुणाची तरी मावशी असल्यासारखी दिसत होती. मग बँकेतली स्नेहल. “काकू, मला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं,” ती म्हणाली. “नको. काढून टाका ना, प्लीज.” तिच्या आवाजात इतका मोकळेपणा होता की बाईंना पुढचा नंबर लावायचं सुचेना.

रोहिणीची माहितीही केंद्रात होती. ती बाईंनी स्वतःच भरली होती, लेकीला न सांगता. त्यांनी फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा उचलला गेला.

“आई, मी कामात आहे.”

“एकच विचारते. तुझी माहिती केंद्रात ठेवू का?”

“नको म्हटलं तर चालेल?”

“कायद्याने चालतं.”

“आणि तुला?”

वत्सलाबाई गडबडल्या. दोन्हीकडच्या मंडळींना गोड वाटेल असं बोलण्यात त्यांची हयात गेलेली. आता तसलं एक वाक्य सापडेना.

“मला वाईट वाटेल गं. खूप वाटेल. पण काढते.”

फोन कानाशी धरूनच त्यांनी कॉम्प्युटरवरून तिचा फोटो, पत्रिका, सगळं पुसलं आणि तसं तिला सांगितलं. पलीकडे रोहिणीने नाक ओढलं. मग म्हणाली, “शनिवारी येऊ? घरी कोण कोण असेल?”

“मीच,” वत्सलाबाई म्हणाल्या. “मी एकटीच असेन.”