थंडीचं लिहिलं, अंधाराचं नाही

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. कंपनीनं मला उत्तरेकडच्या एका थंड देशात वर्षभरासाठी पाठवलं होतं आणि मी चार महिन्यांत परत आलो. काम लवकर संपलं, असं सगळ्यांना सांगितलं. संपलं नव्हतं. वडिलांची तब्येत बिघडलीय असं साहेबांना खोटंच कळवून मी पळून आलो. वडील तेव्हा रोज चालत जाऊन भाजी आणत होते.

थंडीनं पळालो नाही. थंडीला कपडे असतात. तिथं हिवाळ्यात नऊ वाजून गेल्यावर उजाडतं आणि तीनला दिवस मावळतो, ते मला सोसलं नाही. ऑफिसच्या संडासात बसून रडायचो. का, ते सांगता येत नव्हतं.

परत आल्यावर मात्र सोलापुरात, आमच्या जुळे सोलापूर भागात, मी जाणकार ठरलो. कुणाचा मुलगा तिकडं शिकायला निघाला, की आईबाप त्याला घेऊन आमच्या दारात. मीही ऐटीत सांगत बसायचो.

मग माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, तिकडं जायची वेळ आली. ती सोलापूरजवळ कुंभारी गावात असते. तिची एकुलती लेक तिकडं नोकरीला, तिचं पहिलं बाळंतपण. दिवाळी झाल्यावर अक्का निघाली. मी मोठ्या अक्षरात दोन पानं लिहून दिली. सुती बनियनवर बनियन चढवू नको, घामानं ओलं झालं की तेच गारठवतं. आतून लोकरीचं घाल. बूट एक नंबर मोठा घे. बर्फावर चालताना हात खिशात नकोत, पावलं लहान टाक. ओल्या केसांनी दाराबाहेर पडू नको. घरात उकडतं, तेव्हा वरचे कपडे पटकन निघतील असे हवेत. शेंगाचटणी मोठ्या बॅगेत टाक, हातातल्या पिशवीत नको.

सगळं खरं होतं. फक्त तिथल्या डॉक्टरनं मला जे सांगितलं होतं, ते मी लिहिलं नाही. दुपारी जो काय उजेड असेल त्यात रोज बाहेर पडायचं, सकाळी मोठ्या दिव्यासमोर बसायचं, कारण नसताना रडू आलं तर लपवायचं नाही. हे लिहिलं असतं तर, तुला रे कसं ठाऊक, असं तिनं विचारलं असतं. आणि दुसरं कोण सांगणार? वर्षातले आठ महिने उन्हाच्या नावानं बोटं मोडणारी माणसं आम्ही. ऊन कमी पडेल, ही काळजी सोलापुरात कुणाला सुचते?

अक्का अंघोळ झाली की सूर्याला हात जोडते, मगच चहा घेते. तिथंही ती पहाटे उठून अंघोळ करून सूर्याची वाट बघत खिडकीशी बसायची. लेक चिडायची, अक्का उपाशीच. पंधरा दिवसांनी तिनं मला फोन केला. हळू बोलत होती, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून.

"तम्मा, दिवसच उगवंना की रं हितं. लई रडू येतंय उगंच. डोस्क्यात काय बिघडलं का माज्या? तुला बी असं झालतं का?"

लहानपणापासून ती मला तम्माच म्हणते, कानडीतला धाकटा भाऊ. मी म्हणालो, "न्हाय की, मला कुठं काय झालं? लेकीकडं बघ, होईल सवय."

बाळ अठरा दिवसांचं असताना जावयानं तिला विमानात बसवून दिलं. तोवर तिनं बोलणंच टाकलं होतं, बाळालाही घेत नव्हती. बाळंतपणाचं उरलेलं सगळं लेकीच्या सासूनं केलं. इथं भावकीत बायका म्हणाल्या, "पोटच्या पोरीला टाकून आली, काय आई म्हणायची?" अक्कानं ते ऐकलं आणि मान खाली घातली. भाची आता तिच्या वडिलांच्या फोनवरच बोलते, आईला द्या असं म्हणत नाही.

अक्का हळूहळू सावरली. मागच्या महिन्यात मला जेवायला वाढताना म्हणाली, "तू ऱ्हायलास की चार म्हैने. माजंच काळीज कच्चं." मी मान हलवली आणि भाकरी मोडत राहिलो.

मीही असाच रडलो होतो आणि पळून आलो, हे मला अक्काला सांगायचं आहे. आणि भाचीला सांगायचं आहे, की तिची आई तिला टाकून आली नाही, मी तोंड उघडलं नाही म्हणून ती आजारी पडली. दोन्ही अजून बाकी आहे.